सरळ बसवलेली पायरी

केल्सी फोर्क, मॉन्टाना

प्रिय व्हर्ना वहिनी,

तुमचा भाऊ ऑरिन रेल्वेच्या ज्या मालडब्यावरून पडून वारला, त्याची छोटी प्रतिकृती तुम्ही माझ्याकडे मागितलीत. तसा डबा दुकानात मिळेना. मग खेळण्यातल्या डब्यांचे दोन वेगळे संच कापून, एकाचं छप्पर दुसऱ्याच्या अंगावर चिकटवून, यार्डातल्या जुन्या फोटोबरहुकूम मी तो घडवला. काल हातात घेऊन तुम्ही शिडी चाचपलीत.

"एवढी धड शिडी, तरी पडला मेला! प्यायलाच असणार."

वहिनी, तो प्यायला नव्हता. फोटोत चौथी पायरी एका बाजूने निखळलेली दिसते. त्या सकाळी डबे तपासायची पाळी माझी होती. मी ती पाहिली, डबा थांबवायला लावतात ती नादुरुस्तीची चिठ्ठीही काढली. मुकादम ओरडला, "लॉइड, गाडीला आधीच उशीर झालाय!" मी चिठ्ठी खिशात घातली. चौकशीत सांगितलं, शिडी ठीक होती.

तो पिऊन पडला असं समजून अकरा वर्षं तुम्ही भावाच्या थडग्याकडे फिरकला नाहीत.

प्रतिकृतीत ती पायरी बसवताना मी दोन दिवस चिमटा धरून नुसता बसलो होतो. शेवटी सरळच चिकटवली. काल सगळं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "भावजी, तुम्ही होतात म्हणून मी तरले."

मी कॉफी संपवली आणि घरी आलो. हे पत्र टपालात टाकायची हिंमतही माझ्यात नाही.

तुमचा दीर,
लॉइड