छताखाली तीन रात्री

९ मे १९९९, रविवार. लातूर.

बारावीची बॅच संपली, नवी जूनमध्ये. सुट्टीत रोजनिशी लिहायचं ठरवलं. पहाटे उठायचं (चारला जाग येतेच), निसर्गात राहायचं, आणि अण्णांचा (वडिलांचा) विषय या वहीत आणायचा नाही. सहा वर्षं झाली. संपलं ते.

विशाखाने आज अट घातली. अट हा तिचा शब्द, मी सूचना म्हणतो. उनकेश्वरला गरम पाण्याच्या झऱ्यावर जायचं आणि तिथे तीन रात्री खोलीत, स्लॅबखाली झोपून दाखवायचं. जमलं तर एक जूनला आपण तिघं आपल्या घरात राहायला जाऊ. नाही जमलं तर ती आणि लेक देविका जातील, मी शेडमध्ये एकटा.

घर आमचंच आहे. भूकंपानंतर बांधलेलं, कॉलम-बीमचं, इंजिनिअरने तीनदा तपासलेलं. वास्तुशांतीची पंगतसुद्धा मी अंगणात बसवली होती. गेली चार वर्षं रेणापूर, मुखेड, नायगावच्या अकरा मुली त्यात कॉटबेसिसवर राहून बारावी करतात आणि आम्ही तिघं अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. गल्लीतल्या लोकांना वाटतं, सर स्लॅबला घाबरतात. मी फिजिक्सचा माणूस. मला मोकळी हवा लागते, इतकंच. देविका यंदा बारावीला. ती म्हणते, पत्र्याखाली दुपारी डोकं चालत नाही. माझं चालतं.

११ मे. एसटीत. अक्षर वाईट येतंय.

लातूर-नांदेड झालं, आता किनवट गाडी. सामान: दुर्बीण (शेजाऱ्यांची), वन्यप्राणी नोंदवायला वेगळी वही, ताडपत्री, स्टीलचे पाच पेले आणि एक लोटी.

पेले बघून देविकाने कपाळाला हात लावला. मी म्हणालो, चहाला लागतील. त्र्याण्णवनंतर लातुरात घरोघरी हे होतं. उपडे पेले एकावर एक, वर लोटी, अशी उतरंड उशाशी ठेवायची. जमीन जरा हलली की खाली. बाकीच्यांनी दोन-तीन वर्षांत सोडून दिलं. लोकांमध्ये चिकाटी नाही.

१२ मे, सकाळी ६.१०. उनकेश्वर.

सुंदर जागा. पैनगंगेचं खोरं, चहूकडे सागाचं रान, मोर ओरडतात. धर्मशाळेच्या खोल्या एका ओळीत, वर स्लॅब. पहिल्या खोलीत रखवालदार शेषेराव राहतात. सत्तरीचे, काटकुळे, तोंडात बिडी.

पहिली रात्र बरीचशी यशस्वी. दहाला खोलीत आडवा झालो, दहा वीसला बाहेर अंगणात ताडपत्रीखाली आलो. खोलीत जनावरांचे आवाज नीट येत नाहीत. वीस मिनिटं म्हणजे सुरुवात म्हणून वाईट नाही. विशाखा जागी होती.

पहिली नोंद: पहाटे ३.५६, खोकल्यासारखा आवाज, तीनदा, मग एक लांब. अस्वल.

शेषेरावांना सांगितलं. म्हणाले, अस्वल कुठलं साहेब, ते डोंगराच्या पल्याड हाय, इकडं वानरं लई. वानर असं खोकत नाही. हा आवाज मला चांगला ओळखीचा आहे. पुस्तकातून.

दुपारी २.

दोघी कुंडात उतरल्या. मी काठावर. पाणी खालून बुडबुडे सोडत वर येतं. ते तापलंय म्हणजे खाली काहीतरी चालू आहे, एवढा विचार इथे कुणीच करत नाही. शेषेराव म्हणाले, उतरा की साहेब, लई गुण हाय पाण्याला. मी म्हणालो, मला त्वचारोग नाही. तरी आग्रह म्हणून अंगठा बुडवला. पाणी थरथरत होतं. अंगठाही.

देविका पाण्यातून म्हणाली की बाबा कंपनांचा धडा क्लासमध्ये कधीच शिकवत नाहीत, केमिस्ट्रीच्या सरांना देतात. खरं आहे. त्या सरांनाही वाव मिळायला हवा.

१३ मे, सकाळी ७.

दुसरी रात्र. खोलीत चाळीस मिनिटं. दुप्पट प्रगती. नंतर बाहेर, कारण पंखा आवाज करतो. (बंद होता, पण केला असता.)

३.५६ ला पुन्हा अस्वल. या वेळी अगदी जवळ, धर्मशाळेच्या आतून आल्यासारखं. दऱ्याखोऱ्यांत आवाज फसवतो.

चहाच्या वेळी विशाखाने विचारलं, तो खोकला कुणासारखा आहे हे तुम्हाला कळतंय ना? मी म्हणालो, अस्वलासारखा. ती कप तसाच ठेवून उठून गेली. कप निवला, मीच प्यायलो.

देविका म्हणाली, बाबा, फक्त आजची रात्र झोपा. बाकी काही मागत नाही. मी शब्द दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवून दिला. आता माघार नाही. रात्रीसाठी कानात घालायला कापसाचे बोळे तयार ठेवलेत.

१४ मे, सकाळी ८.

जे झालं ते क्रमाने लिहितो.

साडेदहापासून एकपर्यंत खोलीत होतो. डोळे उघडे. स्लॅबवर एक बारीक रेघ आहे, ती मोजून काढली. मग फक्त पाणी प्यायला म्हणून बाहेर आलो आणि ताडपत्रीखाली बसलो. उशाशी उतरंड होतीच.

चारला थोडा वेळ असताना पेले कोसळले. फरशीवर तो आवाज. आणि त्याच क्षणी आतून खोकला.

मी आत धावलो. मी, आत. पहिल्या खोलीचं दार ढकललं, अंधारात जे हाताला लागलं त्याला बगलेत धरलं आणि ओढत अंगणाच्या मधोमध आणलं. काहीच वजन नव्हतं. अण्णा चला, अण्णा चला, असं म्हणत होतो म्हणे. शेषेराव ओरडत होते, सोडा की साहेब, येडे झालात का, धोतर सुटून राहिलं माझं.

जमीन हलत नव्हती. पेल्यांशेजारी एक कुत्रं उभं होतं, तोंडात आमचा बिस्किटांचा पुडा. माझ्याकडे बघून ते सावकाश निघून गेलं.

मग तिसऱ्या खोलीच्या दारात देविका दिसली, मागे विशाखा. देविका रागावली नव्हती. नुसतं म्हणाली, बाबा, आम्ही पण आतच होतो.



तीच तारीख, दुपारी.

अस्वल खोडलं. शेषेरावांना बिडीचा खोकला आहे, रोज पहाटे येतो. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

संकल्पही मोडतो. त्र्याण्णवला गणपती विसर्जनाच्या रात्री मी गावी होतो. अण्णा म्हणत होते, बाहेरच झोपतो, आत कोंडतं. दव पडत होतं, त्यांना दमा. मी मास्तरकी केली. म्हणालो, आत झोपा अण्णा, मी आहे ना बाहेर. दगडमातीच्या भिंती, दोन-दोन हात रुंद. मला वाटलं, याहून भक्कम जगात काय असणार. पहाटे ते आत खोकत होते. माझी झोप मोडली. मी चिडलो आणि चादर कानावर ओढून घेतली. मग ३.५६. जमीन हलली.

चादरीचं कुणालाच सांगितलं नव्हतं. आज कुंडाच्या काठावर विशाखाला सांगितलं.  ती म्हणाली, चादर ओढली नसती तरी भिंत पडलीच असती हो. आणि माझे पाय धरून पाण्यात सोडले. गुडघ्यापर्यंत गेलो. पाणी नुसतं गरम होतं.

निघताना शेषेरावांची माफी मागितली. म्हणाले, माफी कशाला साहेब, हितं ऱ्हाऊन सहा वर्सं झाली, मला कुणी उठवाया आलं न्हवतं. पण फुडल्या टायमाला आवाज देऊन या.

१ जून. लातूर.

दोघी आज घरात राहायला गेल्या. अकरा मुलींची सोय मागच्या गल्लीत झाली. मी शेडमध्ये. हवा उत्तम. अपयश म्हणता येणार नाही, कारण प्रयत्न चालू आहेत.

रात्री नऊला दोघींना दारापर्यंत सोडायला गेलो. देविका म्हणाली, तुम्हीही चला ना. मी म्हणालो, झोपा तुम्ही आत, मी आहे ना बाहेर.

वाक्य तोंडातून निघून गेलं. विशाखा माझ्याकडे बघत होती. तिला आता ते वाक्य माहीत आहे.

शेडमधून खाट ओढत आणली. उंबऱ्यापर्यंत आली, पुढे मला नेता येईना. दोन पाय आत, दोन बाहेर. डोकं बाहेरच्या बाजूला. पेले शेडमध्येच राहिले, आणायला उठलो नाही.

खाटेमुळे दार लागत नाही. देविका आतून म्हणाली, राहू दे उघडं.