फराळाच्या डब्यात आलेला गजरा

३ नोव्हें. २००३, सोम.
दिवाळीला सूनबाईच्या साहेबांना फराळ धाडला होता. आज वनिता डबा घेऊन आली. रिकामा नाही, आत शेवंतीचा गजरा! परमुलखातला माणूस, पण रीत जाणतो. कपाळी रोज गंध. देवमाणूस. गजरा देवीला वाहिला. वनिता न जेवताच आडवी झाली. थकली असेल.

४, मंगळ. एकादशी.
सकाळी वनितानं देवीचा गजरा काढला. मी रागावले, "काऊन काढून राह्यली?"
"हा देवीसाठी नव्हता, आई." गजऱ्याखालची चिठ्ठी तिनं काल पदरात लपवली होती. त्यात लिहिलेलं: रविवारी एकटी ये, नोकरी पक्की करतो. साहेब पावसाळ्यापासून ती टाइप करताना पाठीमागं येऊन उभा राहतो, पाठीवर हात ठेवतो. दोनदा तोंडावर नाही म्हणाली. आणि मी तिच्याच हाती फराळ...
आज मी पाणीही घेतलं नाही.

६, गुरु.
दिलीप म्हणाला, सोडून दे नोकरी, गावात बोभाटा होईल. वनिता नवऱ्याला वाढता वाढता म्हणाली, "मी काऊन सोडू? मी काय केलं?" मग बसली वरच्या ऑफिसला तक्रारीची अर्जी लिहायला. तेलुगूत, इथं सरकारी भाषा तीच; चार पानं. मला एक अक्षर कळेना, पण बघत राहिले. हात एकदाही थांबला नाही. एवढं बळ हिला कुठून दिलं देवा.
मॅट्रिकनंतर टायपिंगचा क्लास मी काऊन सोडला, ते आजवर कोणाला... असो.

११, मंगळ.
साहेब म्हणतात डबा रिकामाच दिला, चिठ्ठीचं अक्षर माझं नाही. ऑफिसातले सगळे खाली माना घालून. वनिता विचारते, "तुमी रोज लिहिता ना? तीन तारखेचं वाचा." वाचलं. 'देवमाणूस'शी जीभ अडली. खोडायला पेन उचललं तर तिनं मनगट धरलं.
"खोडू नका, आई. जसं आहे तसंच वाचा."

१३, गुरु.
उद्या आदिलाबादला चौकशी. बाई अधिकारी आहेत म्हणे. साहेबही समोर बसणार. वही तिथं मलाच वाचायची, आणि चार माणसांत मी कधी बोलले नाही. दिलीप म्हणतो, "माय, तुला जमंल?" वनिता माझ्या लुगड्याला इस्त्री करून राह्यली. चेहरा शांत, संध्याकाळच्या समईसारखा.
वाळका गजरा डब्यात भरला. वही पिशवीत जाईल. तिथं ठेवून घेतील की परत देतील, ठाऊक नाही. म्हणून आजचं आजच लिहिलं.