खालची उजवी दाढ

८ नोव्हेंबर, शनिवार
दाढ काढून महिना होत आला, खड्डा भरत नाही. दिवाळीआधी कंपनीत दातांचा फुकट कॅम्प होता. शिफ्ट सुटल्यावर सगळे रांगेत, मीही. दाढ हलत होतीच. डॉक्टर पोरगेलासा. "कोई पुरानी बीमारी?" मी म्हटलं, नहीं. दोन मिनिटांत दाढ ट्रेमध्ये.
आज जिभेला तिथे टोकदार काहीतरी लागलं. मुळाचा तुकडा राहिला असेल. असेलच.

१० नोव्हेंबर, सोमवार
आरसा आणि मोबाइलची बॅटरी. पिवळट पांढरं दिसतं, तुकड्यापेक्षा मोठं. तोंड दोन बोटांच्या वर उघडत नाही, त्यामुळे नीट दिसेना. वासही येतो. मशीनवर सगळ्यांपासून लांब उभा राहिलो.
"नहीं" किती सहज निघालं! अकरा वर्षांची सवय. गळ्याच्या कॅन्सरला मुंबईत राहून पस्तीस शेक घेतले, रेडिएशनचे. बरा झालो. आईने देवीच्या गडावर नवस फेडला, फाईल लाल कापडात बांधून गावी कोठीवर ठेवली. म्हणाली, ह्या दुखण्याचं नाव आता कोणी काढायचं नाही, काढलं की परत येतं. कोणी काढलं नाही. माझं लग्न ठरलं तेव्हाही नाही. संगीतापुढे लग्नाच्या सात वर्षांतही नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार
सं. म्हणाली, "भाकरी का सोडता रोज?" दाढ दुखते म्हटलं. "महिनाभर?"
शेकांपासून उजव्या जबड्यावर मला दाढी येत नाही. तिला सांगितलंय, जन्मापासूनच. त्यावरून चिडवते नेहमी, निम्म्या ब्लेडात भागतं तुमचं. आज चिडवलं नाही, नुसती त्या गालाकडे बघत राहिली.

१५ नोव्हेंबर, शनि.
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, एकटाच. मराठी आहेत, रत्नागिरीकडच्या. चिमटा टेकवला, टक् असा आवाज आला. दुखलं नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.
"हे हाड आहे, उघडं पडलंय." मग मानेवरची काळी कातडी चाचपली. "इथे रेडिएशन झालंय ना?"
नाही म्हणणार होतो. तोंडात आरसा होता. हो अशी मान हलवली.
"कॅम्पमध्ये सांगितलंत?"
परत मान, या वेळी नाही अशी. बाई चिडल्या. शेक दिलेल्या जबड्यातला दात असा उपटत नाहीत म्हणाल्या, त्या हाडाला रक्त कमी पोचतं, इतक्या वर्षांनीसुद्धा. मी विचारलं, ते परत आलं का? म्हणाल्या, "बहुतेक हाडच मरतंय. पण परत आलेलं नाही असं मी नुसतं बघून सांगणार नाही. तुकडा तपासायला हवा." मुंबईला जा, जुनी फाईल न्या, घरचं माणूस सोबत न्या.
हाड मरतंय. मी जिवंत असताना.
बाहेर आलो आणि गाडीला घराची चावी लावत बसलो.

१६ नोव्हें., रवि.
परीला वासोण्याच्या सफारीतले सिंह दाखवायचं कबूल केलं होतं. सिंह झोपलेला. पोरगी तरी खूश. "पप्पा, तुम्ही हसत का नाही?" तोंड मिटूनच हसून दाखवलं. पहिलीत आहे ती. मला ती दहावीला बसलेली बघायची आहे. एवढंच. जास्त काही मागत नाही.

१८ नोव्हें., मंगळ
गेटबाहेरून आईला फोन. फाईल पाठव. "ते सरी गयं ना रे, आते कसाले उघाडस?" संपलेलं आता कशाला उघडतोस, म्हणाली.
मी म्हटलं, कॅन्सरची फाईल पाठव आई. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ती रडायला लागली, नाव काढलंस, तूच काढलंस म्हणे. डोकं फिरलं माझं. नाव न काढल्यानेच ही वेळ आली, असं ओरडलो. पाच मिनिटं बरं वाटलं. मग मलाही वाटायला लागलं, काढलं नाव, आता येणार. आयटीआय झालेला माणूस मी, तरी.

२० नोव्हें., गुरु.
फाईल आली, बसच्या ड्रायव्हरकडे दिली होती. गाठ सुटेना, कात्रीने कापली. शेवटचं पान मराठीत आहे. आमच्या सल्ल्याशिवाय दात काढू नये, आयुष्यभर. खाली "वाचले, समजले". त्याखाली माझी सही.

२१ नोव्हें., शुक्र.
सांगितलं. फर्स्ट शिफ्ट करून आलो, परी शाळेत. सं. मेथी निवडत होती. फाईल पुढ्यात ठेवली. तिने आधी तारीख बघितली.
"लग्नाआधीचं."
"हो."
"आईंना माहीत होतं? तुमच्या बहिणीला?"
"हो."
"म्हणजे मला सोडून सगळ्यांना."
मी म्हटलं, सं., ते परत आलं असेल तर. आणि रडलो. ती म्हणाली, "तोंड उघडा." खिडकीकडे मान वळवून बराच वेळ आत बघितलं. हात धुतले आणि परत मेथीला बसली.

२३ नोव्हें., रवि., संध्याकाळ
दोन दिवस कामापुरतं बोलणं. उद्या सकाळी मुंबईला निघायचं. वापीपर्यंत जीपने, तिथून गाडी. सोबत येतेस का, हे मी विचारलं नाही. ती नाही म्हणाली तर?
आता तिने दोन बॅगा भरल्या. माझी दाराशी. दुसरीत तिच्या साड्या, परीचे फ्रॉक आणि परीची शाळेची पुस्तकं. मुंबईत दवाखान्यात पुस्तकं कशाला? तिचं माहेर धुळ्याला.
वापीला मुंबईची गाडी मिळते, आणि सुरतमार्गे धुळ्याकडे जाणारीही.