पहिल्या खिळ्याचं माणूस

९ नोव्हेंबर

पुन्हा तेच! काल ठोकलेले खिळे आज सकाळी जमिनीनं बाहेर थुंकलेले. रूळ आडवेतिडवे पडलेले. तिसऱ्या वळणाखाली मेलेल्यांची हद्द सुरू होते, आणि तिथली माती जिवंत माणसानं ठोकलेलं लोखंड धरून ठेवत नाही म्हणे. इंजिनिअर कपाळाला हात लावून बसला होता. मी म्हटलं, साहेब, आधी उपाय सांगा, डोकं नंतर धरा.

११ नोव्हेंबर

उपाय सापडला! म्हणजे घणवाल्या म्हाताऱ्याच्या तोंडून निसटला. त्याचा मुलगा लहानपणीच गेला. काल घण उचलताना त्याची आठवण आली असावी, त्याचं नाव घेऊन म्हातारा ओरडला, आणि खिळा असा आत गेला, जशी लोण्यात सुरी. आज पाहतो तर जागच्या जागी! त्या एका खिळ्यावर अख्खा रूळ टिकला.

शाबासकी द्यायला गेलो. म्हटलं, तुमच्या मुलानं लाज राखली बुवा. तर म्हणतो, "कुठला मुलगा? मला मूलबाळ नाही." आधी मला चेष्टा वाटली. त्याच्या गाठोड्यात एक झबलं आहे, इतकी वर्षं उशाशी घेऊन झोपायचा. दुपारी त्याच झबल्यानं कंदिलाची काच पुसत बसला होता.

बरंच झालं. जेवताना मुसमुसायचा, आमचाही घास घशाखाली उतरायचा नाही.

१२ नोव्हेंबर

आता नियमच करून टाकला. रुळाला एक माणूस. ज्याचं जे कुणी गेलं असेल, ते पहिल्या खिळ्याला द्यायचं. इथे प्रत्येकाचं कुणी ना कुणी गेलंय— म्हणून तर आलेत! लाइन पूर्ण झाली की पहिल्या गाडीनं आपलं माणूस वर आणायचं, हा शब्द मिळालाय सगळ्यांना. अट एकच, इंजिनिअरनं आज पुन्हा बजावली. वरच्यानं खालच्याला ओळखायचं आणि खालच्यानं वरच्याला. दोघांची ओळख पटली तरच डब्याचं दार उघडतं.

मला हिला आणायचंय. बाकी कुणाशी मला काही घेणंदेणं नाही. म्हणून मी घणाला हात लावत नाही. मुकादमानं का लावावा?

१८ नोव्हेंबर

खडीवाला अडून बसला. "बायको देणार नाही, काय करायचं ते करा." मी काहीच केलं नाही. त्याचा कंदील काढून घेतला आणि त्याला खाली बोगद्यात एकटा सोडून आलो. थोड्या वेळात बायकोच्या नावानं टाहो फोडत आला! म्हटलं, नाव तोंडात आहेच, तर घे घण.

संध्याकाळी तोच शीळ घालत खडी टाकत होता.

२ डिसेंबर

आज मेहुण्याची पाळी. हिचा धाकटा भाऊ. आई आजारीच असायची, त्यामुळे हिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. एवढा धिप्पाड झाला तरी ही त्याला टिल्लूच म्हणायची. "दाजी, आईला देतो. पण ताईला नाही हं मागायचं," म्हणाला. नाही मागणार, म्हटलं. तेव्हा तसं मनातही नव्हतं.

६ डिसेंबर

खालून ठोकल्याचे आवाज येतायत! इंजिनिअर म्हणतो, मेलेल्यांची गँग पलीकडून लाइन टाकत येतेय. नियम तोच, रुळाला एक माणूस, फक्त त्यांना वरचं द्यावं लागतं. माझ्याकडे टक लावून म्हणाला, "तुम्हाला काळजी नाही वाटत?"

मला कसली काळजी? नवरा आहे मी तिचा! द्यायची वेळ आलीच तर भावाला देईल. नाहीतरी तिच्या जिवाला त्याचा घोरच होता.

१५ डिसेंबर

एक रूळ राहिलाय. एकच! आणि द्यायला कुणाकडे कुणी उरलं नाही. गँग मजेत आहे. पोटभर जेवतात, फिदीफिदी हसतात, वर कुणाला आणायचंय हे एकालाही आठवत नाही. अशी सुखी गँग मी जन्मात पाहिली नाही.

उरलो मी आणि मेहुणा. दोघांकडे मिळून एकच माणूस.

पाय धरले त्यानं माझे. "दाजी, तुम्ही द्या ना तिला. मी ओळखेन, मी वर आणेन. मग राहील की ती तुमच्याच घरात!" मी भडकलोच. मला आठवणारच नाही ती, मग काय परकी बाई घरात घेऊ? म्हटलं, तू दे. वर आली की मी स्वतः ओळख करून देईन तुझी.

ऐकेना. मग गँगमधल्या दोघांनी त्याला धरलं आणि त्याच्या मुठी घणावर मी आवळल्या. नावसुद्धा घेतलं नाही त्यानं, नुसतं "ताई" म्हणाला. तेवढ्यानं भागलं.

१६ डिसेंबर

खिळा घट्ट. सकाळी मेहुण्यानं चहा आणून दिला. "घ्या मुकादम." दाजी नाही! वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. होईल सवय.

उद्या पहिली गाडी, खाली दोन्ही लाइनी जुळल्या तिथून. दाढी करून घेतली. हिला वाढलेली दाढी आवडत नाही.

१७ डिसेंबर

आली. खालच्या गँगबरोबर, गाडीपाशी. तीच! बाह्या वर सारलेल्या, खांद्यावर घण. मी नावानं हाक मारली. "अहो, जरा सरका," म्हणाली, आणि मला ओलांडून थेट मेहुण्यापुढे गेली. "टिल्लू! अरे, केवढा झालास रे!"

तिच्या मागची बाई दुसरीला सांगत होती, "नवरा हिनं पहिल्याच रुळाला दिला. कुणी मागितलाही नव्हता. भाऊ मात्र शेवटपर्यंत जपला."

मेहुण्यानं तिचे हात हळूच गालावरून काढले आणि माझ्याकडे वळला. "मुकादम, ह्या बाई का रडतायत?"

गाडी रिकामीच वर आली.