घारीच्या सुळक्यावरचे दोन गोटे

सांगली, ५ जानेवारी २०२५

ती. आबांस, अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हॉस्टेलात मला ओरडता येत नाही, म्हणून पत्र. इथं अजून जीव रमलेला नाही. जेवताना शेजारची खुर्ची रिकामीच असते. बरं वाटतं ते फक्त रविवारी, कॉलेजच्या गिर्यारोहण मंडळात.

आता बातमी ऐका. पुढच्या महिन्यात आम्ही आपल्या पाटणजवळच्या घारीच्या सुळक्यावर चढणार! दोर, हेल्मेट सगळं आहे, काळजी नको. त्र्याहत्तर साली तुम्ही आणि तुमचे दोस्त ज्ञानूआजोबा मोटेच्या नाड्याच्या दोरावर चढलात, त्यानंतर वर कुणी गेलं नाही म्हणतात. रिवाजाप्रमाणे कोयनेतला गोटा खिशात नेईन आणि तुमच्या दोन गोट्यांशेजारी ठेवीन. मग सुळका चढल्याबद्दल दर यात्रेत तुम्हाला मिळणाऱ्या मानाच्या नारळात माझा अर्धा वाटा!

आशीर्वाद असू द्या. तुमची लाडकी, अपेक्षा

---

पाटण, १४ जानेवारी

चि. अपेक्षास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चार दिवस उशाशी आहे. तुझी आजी असती तर तिला विचारून लिहिलं असतं.

पोरी, वर एकच गोटा सापडेल, ज्ञानूचा. माथा दोन पुरुष उंचीवर उरला आणि माझे पाय लटपटले. तिथंच कड्याला चिकटून बसलो, रागानं माझा गोटा दरीत भिरकावला. ज्ञानू माथ्यावर जाऊन आला आणि गावात सांगितलं, गुंडा फुडं व्हता, मी मागं. आठवड्यानं मी फौजेत जाणार होतो. मी गप्प बसलो आणि आजवर मानाचा नारळ घेत आलो. लाजेनं त्याच्या दाराला कधी गेलो नाही. तो मलकापूरला वारला, तेव्हाही घरातच बसलो.

वर जे दिसेल, ते गावात खरं सांग. जपून चढ. तुझा आबा, गुंडा

---

सांगली, १० फेब्रुवारी

ती. आबांस, शि. सा. न. वि. वि.

शेवटच्या दोन पुरुष उंचीत माझेही पाय लटपटले. खूप रडले, मग चढले. पण आबा, वर दोन गोटे होते, अगदी शेजारी शेजारी. तुमचा तर दरीत गेला ना? मी गावात काहीच बोलले नाही. आधी तुम्हाला विचारते.

लवकर लिहा. तुमची अपेक्षा

---

पाटण, २० एप्रिल

चि. अपेक्षास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, त्याच आठवड्यात मलकापूरला ज्ञानूच्या बायकोकडे, सुलाबाईकडे गेलो. लिहायला मात्र यात्रा उलटावी लागली. ती म्हणाली, मी फौजेत गेल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात ज्ञानू एकटाच पुन्हा चढला. तळहात सोलून आला. तेव्हा नवी नवरी असलेल्या सुलाबाईनं जखमांत हळद भरता भरता विचारलं, तर म्हणाला, गुंडाचा गोटा ऱ्हायला व्हता, उद्या कुनी वर गेलं तर त्याचं नाक जायाचं. दर यात्रेला तो माझी वाट बघायचा म्हणे. मी त्याला टाळून मागच्या वाटेनं यायचो.

यंदा साऱ्या गावादेखत खरं सांगितलं आणि नारळ सुलाबाईच्या ओटीत घातला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं.

पुढच्या खेपेला वर जाशील, तेव्हा त्या दोनांतला एक गोटा खाली आण. तो माझा नाही, ज्ञानूनं नेलेला आहे. मला तो एकदा हातात धरायचाय.

माया असू दे, पत्र टाकत जा. आता मला वाट बघायला तेवढंच आहे. तुझा आबा