वारा न शिरणारा तंबू

बदलापूर,
अविधवा नवमी, भाद्रपद १९५७

प्रिय गुरुदत्तास,

ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि त्यात घडी घालून पाठवलेली कॅटलॉगाची तीन पानं पोचली. तुझ्या वृंदाने ती माझ्याआधी बळकावली आणि दोन दिवस उशाखाली घेऊन झोपली. आपल्या घरात उघडपणे कुणी मासा हाताने शिवला नाही, आणि तू तिकडे कॅनडात गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसणार. त्यासाठी उचलून नेता येणारा तंबू घेणार, आणि तो कुठला घ्यावा हे बदलापुरातल्या विधवा बहिणीला विचारणार. माई असती तर तिने आपल्या दोघांची मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली असती. पण विचारलंस ते बरोबर माणसाला. सहा वर्षं झाली, मी उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमध्ये टेकचंदशेठच्या कारखान्यात तंबूच शिवते आहे. कॅनव्हास बोटाने चोळून तो किती पाऊस सोसेल हे मी सांगू शकते.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ आहे. दिवाळीनंतरच्या बोटीने वृंदा आली की या थंडीत तिला घेऊन त्या तंबूत बसेन, आत छोटी शेगडी पेटवली की घरासारखं उबदार होतं म्हणतात. ती ओळ वाचली आणि मी उठून अंगणात गेले. तिथे काही नाही आता, तुळस आहे आणि तिच्यामागची मोकळी जागा. हे पत्र त्या ओळीसाठी आहे. वाचून झाल्यावर तू मला काय म्हणशील ते ठाऊक नाही, पण वृंदा बोटीवर चढायच्या आत तुला हे कळायला हवं.

आधी तंबूंचं सांगते. पहिल्या पानावरचा लाकडी चौकटीचा आहे, तो घेऊ नकोस. लाकूड भिजून फुगलं की घडी मिटत नाही, आणि तू लहानपणापासून बिजागऱ्यांशी भांडणारा माणूस. दुसरा साधा आहे, लोखंडी काठ्या, एकेरी कापड, खालून उघडा, माथ्याला दोन झरोके. दिसायला गबाळा आहे खरा. तिसरा लाल रंगाचा, दुहेरी कापडाचा, जमीनही त्यातच शिवलेली, फक्त भोकापुरती गोल फट. त्याच्याखाली मोठ्या अक्षरात छापलंय की यात कुठूनही वारा शिरत नाही. तू त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल केला आहेस आणि वृंदानेही बोट त्याच्यावरच ठेवलं. बापलेकीची आवड जुळली. तो लाल तंबू घेऊ नकोस, गुरू. त्याची जी बढाई मारली आहे, तेवढ्याचसाठी घेऊ नकोस.

आज कुंदाची नवमी. दरवर्षीसारखा स्वयंपाक केला, शेजारच्या बर्वेवहिनींना सवाष्ण म्हणून जेवू घातलं, कुंदाच्या नावाने खणानारळाची ओटी भरायला वृंदाला पुढे केलं. तिला आता कळायला लागलंय. पाटाशी बसून तिने विचारलं, आई कशाने गेली गं आत्या? मी तिला तेच सांगितलं जे तुला नऊ वर्षांपूर्वी सांगितलं होतं, बाळंतपण सोसलं नाही. सांगताना मी चुलीकडे बघत होते. मुलीला खोटेपणाचा वास येतो. ती पान उचलून निघून गेली.

तुला ते वर्ष आठवतं का, की तू मुद्दाम विसरलास? अठ्ठेचाळीस साल, दिवाळीनंतरचं ते वादळ. अंबरनाथच्या फॅक्टरीने तुला ट्रेनिंगला जबलपूरला पाठवलं होतं आणि कुंदाचे दिवस भरत आलेले. आंब्याची मोठी फांदी माजघरावर कोसळली, निम्मी कौलं फुटली, वासे उघडे पडले. सुतार, कौलं, कशाचाच पत्ता नव्हता, सगळ्या गावाची घरं एकदमच मोडलेली. तेव्हा मीच कल्याण कॅम्पात जाऊन लष्कराचा जुना तंबू घेऊन आले. निर्वासितांची केवढी गर्दी तिथे, आणि त्यात नऊवारीतली मी, बैलगाडीत तंबूच्या गाठोड्यावर बसून परत आले. फार मोठा पराक्रम केल्यासारखं वाटलं होतं. तंबू अंगणात उभारला. त्यातच वृंदा जन्मली.

माईच्या हातचं बाळंतपण म्हणजे तुला माहीत आहे. वाऱ्याची झुळूक लागता कामा नये, कान बांधलेले, सकाळी तेल, कढत पाणी, मग बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, त्यावर ओवा, बाळंतशोपा. मग बाळंतिणीने गुरगुटून झोपायचं. आपल्या घरात तीन पिढ्या बायकांनी असाच शेक घेतला आणि ठणठणीत उठल्या. दारंखिडक्या घट्ट लावून घेतल्या तरी काही झालं नाही. का झालं नाही, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला वाटायचं, दारं लावली म्हणूनच त्या बऱ्या झाल्या.

बाराव्या दिवशी सकाळी रखमाबाई सुईणीने कुंदाला न्हाऊ घातलं आणि बाळाला कोवळ्या उन्हात घेऊन ती ओट्यावर बसली. त्या पहाटे दव फार पडलं होतं, तंबू पाण्यात बुडवून काढल्यासारखा ओला. बारशाची घुगरी शिजत होती. अकराच्या सुमाराला बाळ भुकेने रडायला लागलं म्हणून मी ते घेऊन आत गेले. कुंदा कुशीवर निजली होती. गाल गुलाबी. ती सावळी होती आणि जिवंतपणी इतकी गुलाबी कधीच दिसली नाही. मी तिला हाक मारली, बाळ तिच्या छातीशी धरलं, आणि तिचं अंग अजून ऊन होतं. शेगडीचंच ऊन होतं ते. डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं. बायका म्हणाल्या सवाष्ण गेली, बघा काय तेज आलंय तोंडावर. ते तेज मला अजून दिसतं. दुपारी वृंदा शाळेतून येऊन आडवी झाली आणि उन्हाने तिचे गाल तांबूस झाले, की मी हातातलं काम टाकून तिच्या नाकाशी बोट धरते. तुझ्या मुलीला वाटतं आत्याला वेड लागलंय.

आणि तू दुसऱ्या दिवशी आलास, बारशाला म्हणून निघालेला. तुला कुणावर तरी ओरडायचं होतं. कुणीतरी म्हणालं की रखमाबाईने ओव्यात काहीतरी मिसळलं, तिच्या हाताला यश नाही. तू सगळ्यांदेखत तिला म्हणालास, पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही. मला आणि तुला ज्या बाईने या जगात आणलं, जिच्या नवऱ्याच्या खोपीत नदीकाठी तू माईला चोरून मासे धरायला बसायचास, ती खाली मान घालून निघून गेली. मग तिला कुणीच बोलावेना. ती बारवीकडे लेकीच्या पाड्यावर राहायला गेली आणि तू वर्षभरात समुद्रापार गेलास.

मी कारखान्यात लागले ती एक्कावन्न साली. पहिल्याच दिवशी टेकचंदशेठने मला तंबूचे झरोके शिवायला दिले. मी विचारलं, एवढ्या थंडीवाऱ्यात ही भोकं कशाला ठेवायची? तो सिंधहून आलेला म्हातारा, फौजेसाठी तंबू शिवण्यात आयुष्य गेलेलं. म्हणाला, “बाई, ये बंद करके अंदर सिगडी जलाओ तो आदमी सोता ही रह जाता है. धुआँ नहीं, बू नहीं, कुछ पता नहीं चलता. चेहरा तो ऐसा लाल, जैसे अभी उठके बोलेगा.” मी तिथून उठले आणि कारखान्यामागच्या गटारावर जाऊन सगळं अन्न ओकले. त्याला वाटलं बाईला कॅनव्हासच्या तेलाचा वास सोसत नाही. मग त्यानेच समजावलं की कौलारू घरात शेगडीची ही विषारी हवा फटींतून वर निघून जाते, कापड मात्र ओलं झालं की फुगतं आणि त्याची बारीक भोकंही मिटतात.

म्हणजे सहा वर्षं मला ठाऊक आहे. त्या सहा वर्षांत तुला दर महिन्याला पत्र लिहिलं, वृंदाचा दात पडला ते लिहिलं, पाढे पाठ झाले ते लिहिलं, हे नाही लिहिलं. घाबरले. तू मुलगी घेऊन जाशील म्हणून घाबरले. मला दुसरं कोण आहे? गेल्या महिन्यात मात्र धीर करून बारवीकडे गेले, निदान रखमाबाईचे तरी पाय धरावेत म्हणून. ती वैशाखातच गेली. लेकीने मला ओळखलं, बसायला पाटही दिला. आई शेवटपर्यंत विचारायची म्हणाली, सुनंदाबायच्या घरची पोर केवढी झाली असंल?

तू म्हणशील, यात तुझा काय दोष, माईची रीत होती, कुणाला माहीत नव्हतं. इथपर्यंत वाचून तू तसंच म्हणत असशील, आणि मला इथेच थांबता आलं असतं. पण त्या तंबूला झरोके होते, गुरू. दोन होते, माथ्याला, नाडीने बांधायच्या झापडांचे. माईने ते बांधून घेतले. रखमाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “बाय, या कापडाला कौलाची सर नाय, वाईच भोक ऱ्हाऊं दे.” कुंदाचं डोकं दुखायचं. ती म्हणायची, ताई, कोंडल्यासारखं होतं हो. मी हसायचे. पुण्याच्या मुलींना पंखा लागतो वाटतं, असं चिडवायचे. आमचं लक्ष नसलं की ती बाजेवर उभी राहून नाडी सोडायची, आणि मी पुन्हा बांधायचे. दहाव्या दिवशी तिसऱ्यांदा ती नाडी सुटलेली दिसली तेव्हा मला राग आला. मी दाभण आणि सुतळी आणली, तिच्या बाजेवर चढले, आणि तिच्यादेखत दोन्ही झरोके शिवून टाकले. ती खालून बघत होती. म्हणाली, ताई, टाका छान घालता तुम्ही. आज मी ज्या हाताच्या टाक्यावर जगते, तो पहिला टाका तो होता. हे मी सांगावं म्हणून तुला तंबू विकत घ्यायला निघावं लागलं. दुसऱ्या पानावरचा आहे तोच घे, पण त्याच्या नुसत्या काठ्या वापर, कापड त्याचं नको. ते मी शिवलंय, काठ्यांची मापं छापलेली आहेत त्यावरून, वृंदाच्या हट्टाखातर लाल रंगाचं. ते तिच्या ट्रंकेत आहे आणि ती ठरल्या बोटीने येते आहे, मी तिला अडवणार नाही. माथ्याला दोन झरोके आहेत, खाली दोन. एकालाही झापड नाही, नाडी नाही. बर्फाचा वारा आत येईल, वृंदा कुरकुरेल, हात गारठतील. तरी लावू नकोस काही. मला पुन्हा पत्र लिहावंसं वाटलं नाही तर लिहू नकोस, पण त्या तंबूत पहिल्यांदा बसाल त्या दिवशी एवढी एकच ओळ वृंदाच्या हातची पाठव, की आत वारा येतोय.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
सुनंदाताई