तलावावरची हिरवी जाळी

२ मे
आजपासून मी नगरपालिकेचा नुसता पाणीपुरवठा अभियंता नाही, 'हवामान बदल नोडल अधिकारी'ही आहे. गावाला आठवड्यातून एकदा पाणी. लोक मला बोल लावतात. खरा चोर सूर्य. तलावातलं पाणी तोच पितो. संकल्प: त्याला रोखणे.

५ मे, सकाळ
उपाय सापडला. केळीच्या रोपांवर घालतात ती हिरवी शेडनेट अख्ख्या तलावावर. फुटक्या पाइपलाइनचं काम मागे ठेवलं. गळती हा गल्लीतला प्रश्न. मी सध्या पृथ्वीचा विचार करतोय.

१२ मे
जाळी बसली. पंप ऑपरेटर लोटन म्हणाला, साहेब, लग्नाचा मांडव वाटतोय. कौतुकच ते. घरी ज्योत्स्नाने विचारलं, वारा सुटला तर? विषय टेक्निकल आहे, असं सांगितलं. तिने जाऊन न्हाणीतला ड्रम भरला. बायकांचा विज्ञानावर विश्वास नाही.

२० मे
एरंडोलहून माणसं बघायला आली. फोटो काढले. पुण्याच्या सेमिनारचं बोलावणं येणारच. भाषण पाठ करतोय. पाणी आता दहा दिवसांनी. हा संक्रमणकाळ आहे.

४ जून, संध्याकाळ
वादळ. केळीच्या बागा आडव्या. जाळी मात्र उडाली नाही. बुडाली. हे लक्षात घ्यायला हवं.

५ जून
पर्यावरण दिन. जाळीचा बोळा पंपाच्या तोंडात गेला, मोटर जळली. पावसाने तलाव काठोकाठ, नळाला थेंब नाही. पाणी वाचवण्याचं उद्दिष्ट पूर्ण, असं मुख्याधिकाऱ्यांना फोनवर कळवलं. त्यांनी मधेच फोन ठेवला. भारावले असावेत.

९ जून
ड्रम संपला. ज्योत्स्ना माहेरी, शिरपूरला गेली. म्हणाली, मला आंघोळ करायची आहे. यालाच हवामान-स्थलांतर म्हणतात. भाषणात घेईन.

११ जून
आंघोळ नाही. तोंडाला रुमाल बांधून, बादली घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर येण्याआधीच टँकर संपला. पुढे एक म्हातारी होती, सगळे तिला भिकुबाई अक्का म्हणत होते. तिने स्वतःच्या हंड्यातलं अर्धं पाणी माझ्या बादलीत ओतलं. म्हणाली, त्या पाणीना सायेबनं बठ्ठा गावले तरसाडं. सगळं गाव पाण्यावाचून तरसलंय, यावर मी मान डोलावली. मग तिने विचारलं, भाऊ, तू काय करस?
मास्तर आहे, म्हणालो.